उधारी कोर्टातून वसूल करायची तर : खातेवहीवर गिऱ्हाइकाची सही आहे का आणि तीन वर्षं कधी भरतात?

गाव म्हटलं की उधारी आलीच. किराणा असो, कृषी सेवा केंद्र असो, हार्डवेअर असो की पिठाची गिरणी, रोखीवर चालणारं दुकान तालुक्यात शोधून सापडणार नाही. पेरणीला माल उचलायचा आणि सुगीला पैसे द्यायचे, ही पद्धत जुनी आहे आणि बहुतेक वेळा ती नीट चालतेही. अडचण येते ती दोन-तीन हंगाम वाया गेल्यावर. “पळून चाललोय का, देतो की,” असं म्हणणारं गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्या दुकानात दिसायला लागतं, फोन उचलेनासं होतं. मग दुकानदार खातेवही काखेत मारून तालुक्याला वकिलाकडे जातो आणि तिथे त्याला पहिल्यांदा कळतं की वहीतली निम्मी रक्कम मुदतीबाहेर गेलेली आहे.

अशी वेळ का येते, कोर्टात नेमकं काय लागतं आणि निकाल लागल्यावरही पैसे हातात का पडत नाहीत, हे दावा टाकायच्या आधीच समजून घेतलेलं बरं.

तीन वर्षं, पण कुठून?

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायला मुदतीच्या कायद्याप्रमाणे (मुदत अधिनियम, 1963) तीन वर्षं मिळतात. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चूक होते ती मोजणीत. “गिऱ्हाईक अजून माल नेतंय, खातं चालू आहे, म्हणजे मुदतही चालू आहे,” असा समज बाजारपेठेत सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर माल दिला त्या दिवसापासून तीन वर्षं मोजली जातात. “दिवाळीपर्यंत देईन” अशी ठरलेली मुदत असेल तर ती संपल्यापासून. म्हणजे खातं एकच असलं तरी प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं. शेवटच्या व्यवहारापासून मोजणीची सोय कायद्यात आहे, पण ती दोघांचंही एकमेकांकडे येणं-देणं असलेल्या परस्पर खात्यांसाठी. दुकानदाराने माल द्यायचा आणि गिऱ्हाइकाने जमेल तसे पैसे भरायचे, एवढ्याने खातं परस्पर होत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शेतकऱ्याने कृषी सेवा केंद्रातून 14 जून 2022 रोजी 18,400 रुपयांचं बियाणं-खत नेलं. 28 जुलै 2022 ला 9,600 रुपयांची औषधं नेली. पुढच्या वर्षी दिवाळीत, 12 नोव्हेंबर 2023 ला, 5,000 रुपये रोख दिले आणि दुकानदाराने ते वहीत जमा धरले. 10 जून 2024 ला आणखी 22,000 रुपयांचा माल गेला. वहीप्रमाणे बाकी 45,000 रुपये. दुकानदार डिसेंबर 2025 मध्ये वकिलाकडे पोचला. त्याच्या मते शेवटचा माल जाऊन दीडच वर्ष झालंय, तेव्हा घाई कसली? प्रत्यक्षात पहिल्या बिलाची मुदत जून 2025 मध्ये आणि दुसऱ्याची जुलै 2025 मध्ये संपली. जमा झालेले 5,000 वजा जाता जुनी 23,000 रुपयांची बाकी कोर्टाच्या दृष्टीने गेली. हाती राहिले फक्त 22,000.

आता याच हिशेबात एकच गोष्ट बदलून पाहा. 12 नोव्हेंबर 2023 ला 5,000 रुपये घेताना दुकानदाराने वहीत “आज रोख जमा 5,000, मागील बाकी 23,000” असं लिहून खाली गिऱ्हाइकाची तारखेसह सही घेतली असती, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू झाली असती आणि सगळे 45,000 मागता आले असते. एका सहीची किंमत इथे 23,000 रुपये आहे.

कायद्यातली अट नीट लक्षात घ्यावी. थोडे पैसे भरले म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. पैसे भरल्याची नोंद भरणाऱ्याच्या हाताने लिहिलेली किंवा त्याची सही असलेली हवी. दुकानदाराने स्वतःच्या वहीत स्वतःच लिहिलेली जमा याला चालत नाही. बाकी कबूल केल्याच्या चिठ्ठीलाही हीच अट आहे : लेखी हवी, सही हवी आणि जुनी मुदत संपायच्या आत घेतलेली हवी. मुदत संपल्यावर घेतलेली नुसती कबुली उपयोगाची नाही. मात्र मुदत गेल्यानंतरही गिऱ्हाइकाने “ही रक्कम मी देईन” असं स्पष्ट वचन लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा होऊ शकतो. “बाकी आहे” आणि “देईन” या दोन शब्दांत इतका फरक आहे.

आणखी एक गोष्ट. गिऱ्हाइकाने पैसे देताना ते कोणत्या बिलापोटी आहेत हे सांगितलं नसेल, तर ते कोणत्या बाकीत धरायचे हे ठरवण्याचा हक्क दुकानदाराला आहे, अगदी मुदतीबाहेर गेलेल्या बाकीतसुद्धा. त्यामुळे आलेली रक्कम सर्वांत जुन्या बाकीत जमा धरणं शहाणपणाचं.

मुदतीचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमुळे हा प्रश्न नेहमी येतो. पण तिथपर्यंत ताणू नये.

नुसती वही पुरत नाही

“माझ्या वहीत लिहिलंय” हे कोर्टात पुरेसं नसतं. जुन्या पुरावा कायद्यात ही अट होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. धंद्याच्या नेहमीच्या ओघात ठेवलेली हिशेबाची वही पुरावा म्हणून वाचली जाते, पण नुसत्या नोंदीवरून कोणावर देणं लादता येत नाही. सोबत आणखी काहीतरी लागतं. सही असलेलं उधारीचं बिल, माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याची साक्ष, दुकानातल्या नोकराची साक्ष, जीएसटी विवरणात दाखवलेली विक्री, गिऱ्हाइकाने पाठवलेला मेसेज, यांपैकी जे असेल ते.

कृषी सेवा केंद्रांचं या बाबतीत जरा बरं आहे. बियाणं आणि खत विकताना रोखीचं किंवा उधारीचं बिल देणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि अनुदानित खत आधार पडताळणी करून ई-पॉस मशीनवर विकलं जातं. म्हणजे माल कोणी नेला याची नोंद दुकानाबाहेरही राहते. पण मशीनची पावती माल नेल्याचं दाखवते, पैसे बाकी असल्याचं नाही. त्यासाठी उधारीच्या बिलावर सही हवीच. आणि इथेच घोळ होतो, कारण सातबारा बापाच्या नावावर, अंगठा मोठ्या मुलाचा, माल नेणारा धाकटा, आणि वहीत नाव लिहिलेलं असतं “पाटलाच्या मळ्यातले आप्पा”. दावा कोणावर करायचा हेच मग कळत नाही. खात्याला पूर्ण नाव, गाव आणि मोबाईल नंबर लावावा, आणि घरातलं कोण माल नेणार हे खातेदाराकडून एकदा लिहून घ्यावं. पुढचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

व्हॉट्सॲपवरचं “दादा, पुढच्या महिन्यात नक्की करतो” हेही पुरावा होऊ शकतं. मात्र मोबाईलमधला मजकूर छापून दिला की झालं, असं नाही. त्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मेसेज पुसू नयेत आणि जुना फोन भंगारात देऊ नये.

गिऱ्हाइकाचा बचाव काय असेल, याचाही विचार आधीच करावा. “माल घेतलाच नाही” यापेक्षा “पैसे रोख देऊन टाकले, पावती दिली नाही” हे जास्त ऐकायला मिळतं. बियाण्याच्या उधारीत “बियाणं उगवलंच नाही, नुकसान तुम्ही भरा” हा बचाव येतो, आणि तो दर वेळी खोटा असतो असंही नाही. पैसे पोचल्याची पावती दोन प्रतींत देण्याची सवय असलेल्या दुकानदारावर पहिला आरोप टिकत नाही. बियाण्याची तक्रार त्या हंगामात कृषी अधिकाऱ्यांकडे केली होती का, पंचनामा झाला होता का, हे दुसऱ्याच्या बाबतीत कोर्ट पाहतं.

कोणतं कोर्ट?

लहान रकमांच्या दाव्यांसाठी मुंबई, पुण्यासारख्या शहरांत लघुवाद न्यायालयं आहेत. मुंबईत तर त्यांचं बहुतेक काम आता भाड्याच्या भांडणांचं असतं. तालुक्याच्या माणसासाठी हे दार नाही. त्याचा दावा तालुका कोर्टात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्यासमोर चालतो. गिऱ्हाईक जिथे राहतं किंवा व्यवहार जिथे झाला, त्या भागातल्या कोर्टात दावा करता येतो. त्यामुळे गिऱ्हाईक पुण्याला कामाला गेलं म्हणून दुकानदाराने पुण्याला खेटे घालायची गरज नाही, माल दुकानातून गेला असेल तर आपल्याच तालुक्यात दावा चालतो.

2008 च्या कायद्याने आलेली ग्रामन्यायालयं अशाच लहान कामांसाठी आहेत. व्यापारी व्यवहारातून आलेले पैशाचे दावे त्यांच्या यादीत स्पष्टपणे आहेत, पुराव्याचे नियम सैल आहेत आणि आधी तडजोडीचा प्रयत्न करणं तिथे बंधनकारक आहे. अडचण एवढीच की महाराष्ट्रात ती मोजक्याच ठिकाणी चालू आहेत. आपल्या तालुक्यात आहे का, हे कोर्टाच्या आवारात विचारून घ्यावं.

ग्राहक आयोगाकडे मात्र दुकानदाराला जाता येत नाही, तो मंच गिऱ्हाइकासाठी आहे. आणि पोलीस ठाण्यात जाऊनही उपयोग नसतो. घेतलेला माल खरा, द्यायचा इरादा होता पण जमलं नाही, ही दिवाणी बाब आहे. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. तरीही “साहेबांनी एकदा दम दिला की देतो” या आशेवर महिनोन्महिने घालवणारे दुकानदार आहेत, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

दावा टाकताना

आधी वकिलाची नोटीस जाते. साध्या पैशाच्या दाव्याला ती सक्तीची नाही, पण पाठवावी. नोटिशीत रक्कम, बिलांच्या तारखा आणि व्याजाची मागणी स्पष्ट लिहावी. व्याजाचा करार नसेल तर लेखी मागणी केल्याच्या तारखेपासून व्याज मागायला आधार मिळतो. बिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं “उशीर झाल्यास 24 टक्के व्याज” कोर्ट डोळे झाकून मान्य करत नाही, आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही नसेल तर त्यावर विसंबूच नये. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. नोटिशीला उत्तर आलं तर ते नीट वाचावं. “15,000 च बाकी आहेत” असं उत्तर म्हणजे तेवढ्याची लेखी कबुलीच.

दावा मराठीत देता येतो, राज्यातल्या तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. दुकान एकट्याचं असेल तर दावा “अमुक ट्रेडर्स” या पाटीच्या नावाने नाही, मालकाच्या नावाने करायचा. दोन भावांची किंवा मित्रांची भागीदारी असेल तर फर्मची नोंदणी झालेली आहे का ते आधी पाहावं. नोंदणी नसलेल्या भागीदारी फर्मला करारातून आलेल्या पैशासाठी तिऱ्हाइतावर दावा करता येत नाही. या एका कारणाने बरे बरे दावे पडतात, आणि गिऱ्हाइकाचा वकील हेच आधी शोधतो.

कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात टप्प्याने वाढते. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असणारे यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. घरगुती पिठाची गिरणी किंवा शिलाईचा धंदा चालवणाऱ्या बायकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

दावा दाखल झाला की प्रतिवादीला समन्स निघतं. बेलिफ गावात जातो आणि “घरी नाही” असा शेरा घेऊन परत येतो, हा पहिला उशीर. पत्ता बरोबर देणं आणि बेलिफाला घर दाखवायला माणूस पाठवणं, एवढ्यानेही दोन-तीन तारखा वाचतात. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तो आलाच नाही तर दावा एकतर्फा चालतो, पण तेव्हाही दुकानदाराला प्रतिज्ञापत्र आणि मूळ बिलं देऊन रक्कम सिद्ध करावीच लागते. झेरॉक्सवर भागत नाही.

गिऱ्हाइकाने वचनचिठ्ठी दिली असेल, किंवा ठरावीक रक्कम देण्याचा लेखी करार असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीने 10 दिवसांत हजर व्हायचं असतं आणि बचाव करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते. बचावात दम नसेल तर निकाल लवकर लागतो. वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यायला विसरू नये. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी पुराव्यात घेतली जात नाही आणि नंतर दंड भरूनही ती दुरुस्त होत नाही.

व्यापाऱ्याचा व्यापाऱ्याशी व्यवहार असेल आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रकरण वाणिज्य न्यायालयाच्या कायद्यात जाऊ शकतं. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. फॅब्रिकेशन, छपाई असं उत्पादनाचं किंवा सेवेचं काम करणाऱ्या आणि उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगांना वेगळी वाट आहे. त्यांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत, आले नाहीत तर ते सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करू शकतात आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागू शकतात.

चेक असेल तर

चेक न वटल्याचं प्रकरण फौजदारी असतं, म्हणून त्याचा धाक जास्त. पण त्याच्या तारखा फार कडक आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून गिऱ्हाइकाला 15 दिवस असतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. दुकानदाराचं खातं ज्या बँक शाखेत आहे, तिथल्या हद्दीतल्या कोर्टात ती चालते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला तर खटला चालू असतानाच चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम अंतरिम भरपाई म्हणून द्यायला कोर्ट सांगू शकतं.

कोरा चेक सही करून घेण्याची पद्धत बाजारात आहे. स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवरही देणं असल्याचं गृहीतक लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. पण त्यात मनाला येईल तो आकडा भरणारा दुकानदार स्वतःच अडकतो. 2022 च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की, चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि ती वजा न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला असेल, तर तो गुन्हा ठरत नाही. आलेली रक्कम चेकवरच नोंदवून उरलेल्या रकमेपुरता तो बँकेत टाकावा, नाहीतर उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यावा.

चेकची तक्रार चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची तीन वर्षं थांबत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात.

हुकूमनामा मिळाला, पैसे कुठे आहेत?

दावा जिंकला की कोर्ट हुकूमनामा देतं. कोर्ट स्वतःहून पैसे आणून देत नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते, म्हणजे दुसरा फेरा सुरू. हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते, हा त्यातला दिलासा.

जप्ती म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर बैलजोडी आणि घर येतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 नेमकं तिथेच हात धरतं. शेतकऱ्याचं राहतं घर, पोट भरायला लागणारी अवजारं आणि जनावरं, बियाण्याचं धान्य, कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. मजुराची मजुरीही नाही. नोकरदाराच्या पगारातले पहिले 1,000 रुपये सोडून उरलेल्याचा एक तृतीयांश भागच कापता येतो, तोही एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिन्यांपर्यंत. ही तरतूद दुकानदाराला जाचक वाटते, पण एका उधारीपायी माणसाचं पुढचं पीकच बुडू नये म्हणून ती आहे, आणि ती योग्यच आहे.

मग धरायचं काय? बँक खातं, ट्रॅक्टरच्या धंद्याची कमाई, गाळ्याचं भाडं, साखर कारखान्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून गिऱ्हाइकाला येणं असलेली रक्कम. ही रक्कम तिऱ्हाइताच्या हातात असतानाच रोखावी, म्हणून कोर्टाकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीला सरसकट माफी नाही, तिची जप्ती मागता येते. पण वर्ग दोनची किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल कायद्याचे निर्बंध आड येतात, आणि तीस-चाळीस हजारांसाठी जमिनीच्या लिलावापर्यंत जाणं कोणालाच परवडत नाही.

अटकेची तरतूदही आहे, पण बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही, आणि 2,000 रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कोणालाच दिवाणी तुरुंगात ठेवता येत नाही. ऐपतच नसलेल्याला नुसतं दिलं नाही म्हणून कोंडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच स्पष्ट केलं आहे. ऐपत असून टाळतोय, मालमत्ता लपवतोय, हे दाखवावं लागतं.

गिऱ्हाईक वारलं असेल तर वारसांवर दावा करता येतो, पण वडिलांकडून त्यांना जी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरताच. मुलाच्या स्वतःच्या कमाईवर हक्क सांगता येत नाही. आणि कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की “थांबा, माफी होणार आहे” म्हणणाऱ्यांना हे सांगावं की 2017 आणि 2019 च्या दोन्ही योजना बँका आणि सोसायट्यांच्या कर्जासाठी होत्या, दुकानाच्या उधारीसाठी नव्हत्या.

लोकअदालत : लहान रकमेला हीच वाट बरी

दहा-पंधरा हजारांच्या उधारीसाठी पूर्ण दावा लढवणं बहुतेकदा तोट्याचंच ठरतं. वकिलाची फी, तारखांना दुकान बंद ठेवणं, साक्षीदारांची ने-आण, हे धरलं तर वसुलीतून फारसं उरत नाही. अशा रकमेसाठी तालुका विधी सेवा समितीकडे दावा न टाकताही अर्ज करता येतो. त्याला कोर्ट फी लागत नाही. समिती समोरच्याला बोलावते आणि लोकअदालतीत दोघांना समोरासमोर बसवते. तडजोड झाली तर तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ते पाडून घेता येतात. दावा आधीच दाखल असेल आणि तो लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

व्याज सोडून मुद्दल चार हप्त्यांत घेणं दुकानदाराला कमीपणाचं वाटतं. पण हंगामाच्या तोंडावर हातात आलेले रोख पैसे चार वर्षांनी मिळणाऱ्या हुकूमनाम्यापेक्षा दुकानाला जास्त उपयोगी पडतात. गिऱ्हाईकही टिकतं, आणि गावात त्यालाही किंमत असते.

सावध राहावं ते एका बाबतीत. दावा न टाकता केलेल्या अर्जाने तीन वर्षांची मुदत थांबत नाही. समोरचा “पुढच्या लोकअदालतीला बघू” म्हणत दोन वेळा टाळतो आणि तेवढ्यात शेवटचं बिलही मुदतीबाहेर जातं. मुदतीचे सहा महिने उरले असतील तर अर्जासोबत दाव्याचीही तयारी ठेवावी. गावच्या तंटामुक्ती समितीपुढे समझोता झाला तर तोही तोंडी ठेवू नये. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि “देईन” हा शब्द लिहून सही घेतली, तर पुढे कोर्टात जायची वेळ आली तरी तो कागद कामी येतो.

वसुलीच्या नादात काही जण दुकानाबाहेर बाकीदारांच्या नावांची पाटी लावतात किंवा गावच्या ग्रुपवर यादी टाकतात. त्यातून अब्रुनुकसानीची तक्रार ओढवू शकते. मोटारसायकल अडवून ठेवणं, खळ्यावरून पोती उचलून आणणं हा तर सरळ गुन्हा, आणि एकदा तो नोंदला गेला की उधारीचा विषय बाजूला पडून दुकानदारच आरोपी म्हणून उभा राहतो.

वकिलाकडे जाताना सोबत काय न्यायचं, तर मूळ बिलं, वही, सहीच्या चिठ्ठ्या, पोस्टाच्या पोचपावत्या, मेसेज असलेला फोन, दुकानाचा परवाना, भागीदारी असेल तर नोंदणीचा दाखला, आणि एका कागदावर प्रत्येक बिलाची तारीख व त्यापुढे तीन वर्षं कधी भरतात ती तारीख. हा शेवटचा कागद घरी बसून अर्ध्या तासात तयार होतो. ज्या बिलांची तारीख जवळ आली आहे त्या गिऱ्हाइकांकडे आधी जावं, आणि पैसे मिळत नसतील तर निदान बाकीवर सही तरी घेऊन यावी.